अर्चनाचं पोस्टडॉक आणि माझा चहा

आमच्या सेलूच्या गल्लीत सोमवारच्या आरतीला आम्ही पाच-सहा जणी जमतो. आरती दहा मिनिटांत होते, बोलणं तासभर चालतं. किस्से साठतात ते असे. माझी लेक अर्चना कामासाठी लांब गेली, तिचे किस्से मात्र अजून आमच्या सतरंजीवर बसून आहेत.

* * *

अर्चनाची फिजिक्सची पीएचडी झाली तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. आठ दिवसांनी ती म्हणाली, "आता पोस्टडॉकला अर्ज करायलेय." एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत दोन वर्षं संशोधन. जागा एकच.

शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या, "डॉक्टर झालीस की गं. आता काय राह्यलं?"

"काकू, खरं काम आता सुरू."

"मग पेढे कशाचे खाल्ले आमी?"

* * *

अर्जासोबत कॉम्प्युटरवरच्या एका मोठ्या गणिताचा निकाल जोडायचा होता. ते गणित तिच्या लॅपटॉपवर चार दिवस सलग चालू होतं. पाचव्या दिवशी खंडेनवमी आली. विळी, शिलाई मशीन यांच्यासोबत मी लॅपटॉपही पूजेला मांडला. उघडा कसा ठेवायचा, म्हणून झाकण लावलं. हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. अवजारांना त्या दिवशी विश्रांती असते ना!

अर्चना आंघोळ करून आली आणि पूजेसमोर मटकन बसली. झाकण लागलं तसं गणितही थांबलं होतं.

मला रडूच आलं. ती म्हणाली, "राहू दे आई. लय दमला होता तो." मग पहिल्यापासून सुरू केलं. ते पुरं होईपर्यंत मी त्या खोलीत झाडूसुद्धा नेला नाही.

* * *

मुलाखत ऑनलाइन होती, नेमकी सोमवारी आरतीच्या वेळेला. बायका बाहेरच्या खोलीत निरांजन न लावता बसून राहिल्या. शेवटी पलीकडच्या शास्त्रज्ञांनी अर्चनाला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का?

ती वहीची पानं चाळू लागली. दाराआडून शांताकाकू म्हणाल्या, "राहायची सोय हाय का, ते इचार."

पलीकडे हसू फुटलं. त्यातले एक जण मराठीतच बोलले, "आहे म्हणावं. हॉस्टेल आहे."

* * *

अर्ज गेला त्या दिवशीच मी चहातली साखर सोडली होती. अर्चनाला जागा मिळेपर्यंत बिनसाखरेचा, असं महादेवाला बोलले होते. घरात सांगितलं, वजन वाढायलंय.

दोन महिन्यांनी एका दुपारी अर्चना मोबाइल बघता बघता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. चहाचा कप आणून माझ्यापुढे ठेवला. मी घोट घेतला. गोड होता.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

* * *

त्याला आता दोन वर्षं होत आली. गेल्या आठवड्यात तिने कळवलं, इथली मुदत संपायलीय, दुसऱ्या प्रयोगशाळेत अर्ज टाकलाय. या सोमवारी आरतीनंतर पुन्हा फोन आला.

"आई, चहा झाला का?"

"आत्ताच घेतला."

"कसा?"

मी फोन शांताकाकूंच्या हातात दिला.