नोराच्या दारावरचा लव्हाळ्याचा क्रूस

मावशी विंडसरहून लंडनला (इंग्लंडमधलं नव्हे, कॅनडातलं) माझ्याकडे आली आणि म्हणाली, "चल गं, ऑटवा व्हॅलीतली जुनी आयरिश शेतघरं बघू." टोरांटोचा ट्रॅफिक धरून आठ तास लागतात. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतर जाणार असाल तर विंटर टायर्स घालूनच जा.

आम्ही अशाच एका शेतघरात, पाहुण्यांना खोली देणाऱ्या नोराकडे उतरलो. वय सत्तरीपुढचं. खोली नाश्त्यासकट एकशेवीस डॉलर, यीस्टऐवजी सोड्याने फुगवलेला आयरिश सोडा ब्रेड तव्यासारखा गरम. तिच्या गोठ्याच्या दारावर घोड्याची नाल आहे, टोकं वर केलेली. "खाली केली तर नशीब सांडतं," नोरा म्हणाली. गाईंचं दूध चेटकिणींनी चोरू नये म्हणून आत लाल दोऱ्याने बांधलेली डहाळी.

"हे तर आपलं लिंबू-मिरची!" मावशी खूश.

रविवारी नोरा बहिणीला भेटायला गेली. नुसतं बसून राहणं मला जमत नाही. मी मागचा ओटा झाडला. दारावर लव्हाळ्याचा छोटा क्रूस होता, वाळून करडा झालेला. माझी पहिली शाळा आई. वाळलं तोरण दारावर ठेवू नये, देवाचं असेल तर वाहत्या पाण्यात सोडावं, हे तिचं शिकवणं. मी तो काढला, हात जोडले आणि मागच्या नदीत सोडला.

नोरा परतली, तिने दाराकडे पाहिलं. मी एका दमात सगळं सांगितलं.

"नदीत?"

"नमस्कार करून," मी म्हटलं, आणि लाजेने कान तापले.

ती खाली बसली. घराला आग लागू नये म्हणून तिची बहीण दर एक फेब्रुवारीला संत ब्रिजिटच्या नावाने असा क्रूस विणायची. आता ती वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये आहे, बोटं वळत नाहीत. "हा तिचा शेवटचा."

"विचारायला तोंड नव्हतं का गं?" मावशी मराठीत पुटपुटली.

आम्ही दोघींनी तासभर नदीचा काठ धुंडाळला. नुसती मेपलची पानं. शेवटी नोरानेच हाक मारली, "आत या पोरींनो, चहा निवतोय." सकाळी ब्रेडही तसाच गरम होता.

तुम्ही जरूर जा. पण कोणाच्या दारावरचं काही कितीही वाळलेलं दिसलं तरी आधी विचारा.

घरी येऊन बुकिंगची साइट उघडली. नोराने माझ्याबद्दल लिहिलंय: "गुणी मुलगी, पुन्हा यावं." स्वच्छतेला पाच तारे. त्याखाली आभार लिहायला माझा हात धजत नाही.