टायपिंगवाल्या मावशींनी परत केलेली चार पानं

आमच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सचं एक अरुंद दुकान आहे. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. तिथं टायपिंग करतात त्या मावशी. कोणाच्या मावशी ते कोणालाच माहीत नाही. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे मावशीच म्हणतात. अर्ज, करारनामे, बायोडेटा हे त्यांचं पोटापाण्याचं काम. पण गल्लीत त्यांचं नाव आहे ते भाषणांसाठी. निवृत्तीचं, बक्षीस समारंभाचं, शोकसभेचं, निवडणुकीचं, ज्याला उभं राहून बोलायचंय तो आधी मावशींकडे येतो. स्वतः त्या कधी चार माणसांसमोर बोललेल्या नाहीत. "माझे पाय लटपटतात बाई," असं खुशाल सांगतात.

मी कॉलर शिवते. जीभ चालते माझी, पण ती शिलाई विभागात, शेजारच्या मशीनवालीशी. त्या वर्षी वरून निरोप आला की कारखान्याचं पाळणाघर बंद होणार, ती खोली मालाची खोकी ठेवायला हवी आहे. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची. घरी सांभाळायला कोणी नाही, नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. पाळणाघर गेलं असतं तर माझी नोकरीही गेली असती. बायकांनी मालकांची वेळ मागितली, मिळाली पाच मिनिटं, आणि बोलायला सगळ्यांनी मला पुढं ढकललं. का, तर म्हणे मी भांडखोर!

मी रागारागात चार पानं खरडली आणि मावशींपुढे आपटली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे मी टाईप करणार नाही."

"का? एक तरी अक्षर खोटं आहे का?"

"खोटं कशाला असेल? पण हे भांडण झालं. बोलून तुला मोकळं वाटेल आणि मालक तिथं खोकी लावतील. मला सांग, तुझं ऐकून झाल्यावर त्यांनी उठून करायचं काय?"

"पाळणाघर बंद करायचं नाही."

"हे झालं न करायचं. करायचं काय?"

पायरीवर माणसं खोळंबली होती, पण मावशींना त्याचं काही नव्हतं. मला स्टुलावर बसवून, झेरॉक्स काढता काढता त्यांनी शिकवणी सुरू केली.

"माहिती द्यायला बोलायचं असेल, तर ऐकणारा घरी जाताना थोडा शहाणा झाला पाहिजे. निरोपाचं असेल, तर जाणारा माणूस निदान तासभर तरी सगळ्यांना आवडला पाहिजे. शोकसभेत थोडंच बोलायचं, आणि स्वतःबद्दल तर अजिबात नाही. तुझं आहे पटवायचं भाषण. समोरच्याला सहज करता येईल एवढंच मागायचं. उद्या येताना मला सांग, मुलं किती, त्यांच्या आया कुठल्या कामावर आहेत, आणि ती खोकी दुसरीकडे कुठं मावतील."

खोक्यांची काळजी मी का करू, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मापाची टेप घेऊन जिन्याखाली रांगत होते आणि वॉचमन मला काही हरवलंय का विचारत होता. बारा मुलं निघाली, अकरा आया. त्यातल्या सात कॉलर आणि बाह्या लावणाऱ्या, आणि ते काम नव्या बाईच्या हातात बसायला चार महिने लागतात. हे सगळं माझ्या चार पानांत कुठंच नव्हतं.

"आता हे वाचून दाखवू की पाठ करू?" मी विचारलं.

"वाचलंस तर तू कागदाकडे बघशील आणि ते घड्याळाकडे. पाठ केलंस तर एक शब्द सुटला की गाडं अडलं. मुद्दे घेऊन जा." मावशींनी पाच मुद्दे ठळक अक्षरांत पाच कार्डांवर छापून दिले. त्या दुकानात काही वाया जात नाही. कार्डं म्हणजे एका चपलांच्या दुकानाच्या उरलेल्या जाहिराती होत्या, पाठकोऱ्या.

भेटीच्या दिवशी लांबलचक टेबलाच्या टोकाला मालक, शेजारी मॅनेजर. मी उभी राहिले. पहिलं कार्ड वर धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पायांना आराम! आजच भेट द्या!"

मॅनेजरनं स्वतःच्या बुटांकडे बघितलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. तेवढ्यात मालकांना हसू फुटलं, मग मलाही. "साहेब, कार्ड उलटं धरलं," म्हणत मी ती पाचही टेबलावर ठेवून दिली. कशी कोण जाणे, भीतीही तिथंच राहिली. मुद्दे आपोआप एकामागून एक आले. बारा मुलं, सात जणी, चार महिने. शेवटी मी एवढंच मागितलं, की तीन महिने खोकी जिन्याखाली ठेवून बघा.

"जिन्याखाली मावणार नाहीत," मॅनेजर म्हणाले.

"मावतात. मोजलंय मी," म्हणत मी लांबी, रुंदी, उंची सांगितली. मालकांनी मॅनेजरकडे पाहिलं. "ठेवून बघा," ते म्हणाले.

ती खोकी आजही जिन्याखाली आहेत आणि पाळणाघरात एकोणीस मुलं आहेत. माझी मुलगी दुसरीत गेली. मावशींचे उपकार मोजायला बसले तर मला दिवस पुरायचा नाही. मी आज त्या मशीनवर बसते ती त्यांच्यामुळे.

मालकांशी बोलणं झालं त्या संध्याकाळी सुटी झाल्याबरोबर मुलीला कडेवर घेऊन मी थेट दुकानात गेले. मावशी कोणाचा तरी अर्ज टाईप करत होत्या.

"मावशी, पाळणाघर राहिलं!"

त्यांचे हात थांबले. "तू हे सांगायला आलीस?"

"मग? तुम्हाला नको सांगायला?"

"बावीस वर्षं भाषणं करून देते," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार अशी नव्हती. "सगळे घेऊन जातात. पुढं काय झालं, ते सांगायला अजून कोणी परत आलं नव्हतं."

मावशींनी पायरीवरच्या दोघांना उद्या या म्हणून सांगितलं, मुलीला माझ्याकडून घेऊन स्वतःच्या मांडीवर बसवलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"आता पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या. "तू आत गेलीस तेव्हा मालक कुठल्या बाजूला बसले होते?"