बिनरंगाची बुंदी

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या कळसच्या रानात जिकडं पाहावं तिकडं ऊस होता. कॅनॉलचं पाणी आलं तशी ज्वारी मागं सरली आणि करडई तर जवळजवळ गेलीच. शेजारीपाजारी रेशनचं पामतेल आणायचे, नाहीतर बारामतीहून पिशवीतलं रिफाइंड. आमच्या घरात मात्र करडईचंच तेल होतं. कारण विहिरीच्या वरच्या अंगाचा एक तुकडा आत्यानं वडिलांना उसाखाली घेऊच दिला नव्हता.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, ती कायमची. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. तिचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. एखाद्याच्या रानात कळप बसवला की लेंडीखताच्या बदल्यात तो शेतकरी धान्य द्यायचा, आणि मनाचा मोठा असला तर वाटीभर तेलही. ते तेल सणापर्यंत पुरवायचं. त्यामुळं तेलाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकायची नाही.

करडई काढायची ती भल्या सकाळी, दवानं काटे मऊ असतात तोवर. हाताला फडकी गुंडाळून आम्ही दोघी ओळीत वाकायचो. ऊन चढलं की काटे बोचायला लागायचे, मग घरी. पुढं बी घेऊन निमगाव केतकीच्या घाण्यावर. तिथं आत्या तेल निघेपर्यंत जागची हलायची नाही. तिनं घरून बांधून आणलेल्या भाकरीवर कोमट तेल आणि मीठ घालून आम्ही तिथंच जेवायचो. ती चव नंतर मला कुठं मिळाली नाही.

स्थळ वालचंदनगरचं होतं. सासरे कारखान्यात, राहायला कंपनीचं क्वार्टर. वडिलांना त्याचंच दडपण आलं.

"अक्का, पावणं कंपनीतलं हायती. त्यास्नी करडईचा वास चालायचा न्हाय. जेवणाला रिफाइंडचं डबं आणू."

"लेक ह्याच तेलावर वाढलीया," आत्या म्हणाली. "ती चालती, मग तेल का चालायचं न्हाय?"

वडिलांनी रिफाइंडचा विषय सोडला.

लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी आला. वयस्कर, नावाजलेला माणूस. सगळे त्याला तात्या म्हणायचे. कढया, झारे उतरवता उतरवता त्यानं एक पत्र्याचा डबाही उतरवला. आत्यानं झाकण उघडलं. आत चहासारखं काळपट तेल.

"तात्या, ह्ये काय हाय?"

"तेल हाय, अक्का. मागल्या लग्नात उरलं. पयला घाणा ह्यात काढतो, मग तुमचं घेतो."

"किती बाऱ्या तापलंय?"

"आता त्ये कोन ध्यानात ठेवतंय?"

"मग त्ये आमच्या कढईत न्हाय पडायचं. आन् ही पुडी कसली?"

"रंग. बुंदी केशरी दिसाया नको व्हय?"

"हरभऱ्याच्या डाळीची बुंदी पिवळीच दिसणार. रंग ऱ्हाऊ द्या."

तात्यानं खांद्यावरचा टॉवेल झटकला. "चाळीस गावची लग्नं केली मी. मला शिकवाया कुणी आलं न्हाय. तळा मग तुमीच." आणि तो जाऊन लिंबाखाली बसला.

वडिलांचा चेहरा उतरला. उद्यावर लग्न आणि आचारी रुसलेला. ते हात जोडून त्याच्याकडं निघाले, तर आत्या म्हणाली, "बसू द्या त्यास्नी. दमल्यात." तिनं पदर खोचला, चुलाण पेटवलं, कढईत करडईचं तेल ओतलं. कच्चा वास जावा म्हणून त्यात भाकरीचा तुकडा तळून काढला आणि झारा हातात घेतला. पण लग्नाची बुंदी तिनं उभ्या जन्मात पाडली नव्हती. पहिल्या झाऱ्याला शेपट्या आलेली बुंदी पडली. दुसऱ्याला नुसत्या चपट्या चकत्या. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि मग आत्याही हसली.

तात्याला लिंबाखाली बसवेना. उठून आला.

"पीठ पातळ झालंय, अक्का. सरका."

"सरकते. पण त्याल ह्येच."

"ह्येच, ह्येच. सरका तुमी."

त्या दुपारी त्यानं पाडलेली बुंदी मोत्यासारखी गोल होती, फक्त केशरी नव्हती. काळं तेल त्याच्याच संमतीनं बैलगाडीच्या आखाला वंगण म्हणून गेलं.

दुसऱ्या दिवशी पंगतीत नवऱ्याच्या एका चुलत्यानं लाडू वर धरून विचारलं, "रंग घालायला विसरलात काय?" मी मुंडावळ्या बांधून मान खाली घालून बसले होते.

"इसरलो न्हाय, पावणं," वाढता वाढता आत्या म्हणाली, "घातलाच न्हाय."

ते "बरं" म्हणाले आणि अर्धा लाडू पानात तसाच ठेवून उठले. सासूबाई शेजारच्या पंगतीतून बघत होत्या.

सासरी ओट्यावर एक डबा असायचा. पुऱ्या तळून उरलेलं तेल त्यात, त्यात पुन्हा भजी, मग पापड. कॉलनीत सगळ्यांकडं तसंच. नवी सून, मी काय बोलणार? पहिल्या दिवाळीला आत्यानं एसटीतून करडईच्या तेलाचा डबा पाठवला. सासूबाईंनी हुंगून बघितला. "वास येतो गं. ठेव खाली." पण फराळाच्या ऐन मध्यावर पिशवीतलं तेल संपलं आणि दुकान बंद निघालं. चकल्या मग आत्याच्या डब्यातल्या तेलात झाल्या.

दरवर्षी दिवाळीत सासूबाईंच्या छातीत जळजळ व्हायची. भाऊबीज झाली आणि त्या आपणहून म्हणाल्या, "यंदा सोडा नाही प्यावा लागला." मग पुढं, "तुझ्या आत्याला विचार, आणखी डबा मिळेल का."

डबा घेऊन आत्या स्वतःच आली. ओट्यावरचा डबा तिला दिसला. मला वाटलं, आता बोलते. पण तिनं नुसतं विचारलं, "ह्ये दिव्याला घालता व्हय?" सासूबाई म्हणाल्या, "आजपासून घालू."

संध्याकाळी सासूबाई तिला स्टँडवर पोचवायला गेल्या. अंधार पडला तरी येईनात. बघायला गेले, तर दोघी बाकड्यावर बसून कॉलनीतल्या गुजराती उंधियूपासून आमच्याकडच्या उकडीच्या शेंगोळ्यांपर्यंत कशाकशाबद्दल बोलत होत्या. कळसची गाडी येऊन निघूनही गेली होती.

"आता सकाळच्या गाडीनं जाते," आत्या म्हणाली आणि सासूबाईंनी तिची पिशवी उचलली.