पाटीला हात

इतकी वर्षं झाली, तरी ती घटना डोक्यातून जात नाही. खरं सांगायचं तर ती मला अजून नीट उलगडलेलीही नाही. दोन हजारच्या दशकात मी भाईंदरच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एका सकाळी ठाणे अंमलदाराने निनावी फोनची नोंद पुढे ठेवली. जवळच्या मुर्धा गावची एक मासळीवाली भाईंदरमधल्या सोसायटीतल्या एका आजारी बाईला किडनी विकतेय, अशी खबर होती.

नात्याबाहेरच्या माणसाला किडनी द्यायची तर ती केवळ आपुलकीपोटी देता येते, आणि त्याला सरकारी समितीची मंजुरी लागते. समितीची बैठक चार दिवसांवर होती. बाई डायलिसिसवर तगून होत्या. समितीकडे जाणारा आमचा अहवाल उलटा गेला असता तर त्यांचं काही खरं नव्हतं.

दोघींचे जबाब वेगवेगळे घेतले. मासळीवालीला विचारलं, "बाईंचं नाव काय?"

"कागदावर हाय ना, सायब. मी तिला बाय बोलतंय."

पलीकडच्या खोलीत बाई म्हणाल्या, "अर्ज भरताना त्यांचं नाव कळलं. तोवर मावशीच म्हणत होते."

मला वाटलं, चोर सापडला! नावाचा पत्ता नाही आणि म्हणे आपुलकी. मी परत मासळीवालीसमोर येऊन टेबलावर हात आपटला. "मावशी, किती घेतलेत?"

ती उसळली. "बारा वरसा तिचे सोसायटीन जातंय. डोक्यावरची पाटी एकटीला उतरवता येत न्हाय. वास येतो म्हनून कोन पुढं येत न्हाय. ही रोज हात लावते. आजारी पडली तवा पन भिंत धरून आली."

माझं डोकं चक्रावलं. असल्या गोष्टी पढवूनही आणतात, हे मी पाहिलं होतं.

फोनचा माग काढला. तो मुर्ध्यातल्याच बूथवरून आला होता. बूथवाल्याने फोन करणारीला लगेच ओळखलं. ती मासळीवालीची लग्नाची मुलगी होती. ठाण्यात आणताच ती रडू लागली.

"पैशांचं खोटं बोलले साहेब. तुम्ही अडवाल म्हणून. आईला काय झालं तर? एवढं वजन ती पुन्हा उचलू शकेल का?"

"मग तिलाच सांगायचंस."

"ऐकते का ती!"

खबर खोटी आणि भीती खरी. आता लिहायचं काय? एका ओळीवर एकीचा जीव होता, दुसरीची आई. शेवटी 'व्यवहाराचा पुरावा नाही' असं लिहिलं, आणि मुलीचा विरोधही जसाच्या तसा नोंदवला. समितीने मंजुरी दिली. शस्त्रक्रिया पार पडली, दोघी बऱ्या झाल्या.

पुढे एका चोरीच्या पंचनाम्यासाठी त्याच सोसायटीत गेलो. जिन्यात पाटी डोक्यावर घेऊन ती मुलगी उभी होती. आईला आता वजन झेपत नव्हतं, म्हणून मासळी विकत फिरणं तिच्याकडे आलं होतं. तेवढ्यात बाई लगबगीने बाहेर आल्या आणि त्यांनी पाटीला हात लावला.

गुन्हा नाही म्हणजे कुणाचं काही गेलं नाही, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. ते खरं नव्हे, एवढं त्या प्रकरणाने मला शिकवलं. मी बरोबर लिहिलं का, ते मात्र अजून कळत नाही.

मुलीने पाटी उतरवू दिली. बाईंकडे मात्र तिने पाहिलं नाही.