पंप बंद, प्रॅक्टिकल पूर्ण

जयप्रकाश सर यंदा रिटायर झाले. ऐरोलीच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात त्यांची लॅब माझ्या लॅबच्या भिंतीला लागून, त्यामुळे त्यांचं रडगाणं सगळ्यात आधी माझ्याच कानावर यायचं. रडगाणं म्हणजे पंप, दुसरं काही नाही. बायकोचं दुखणं, जुईनगरच्या घराची गळती, यातलं त्यांनी आपणहून कधी सांगितलं नाही. पण पंपाचं नाव काढलं की चहा थंड व्हायचा.

त्यांच्या लॅबमध्ये एक पाइप आहे, मध्येच कंबर आवळल्यासारखा. पंप लावला की त्यातून पाणी पळतं आणि वरच्या काचेच्या नळ्यांत कुठे दाब किती ते दिसतं. सर आधी विचारायचे, "दाब कुठे जास्त? रुंद भागात की अरुंद?" सगळी पोरं ठासून सांगायची, अरुंद भागात. कोणालाही तसंच वाटणार, जागा कमी तिथे रेटारेटी जास्त. मग लॅबचा किसन पंप चालू करायचा आणि नळ्यांतलं पाणी बरोबर उलटं दाखवायचं. पोरं आ वासून बघत बसायची. "मॅडम, ती तोंडं बघायला येतो हो मी," सर म्हणायचे.

गेल्या वर्षी तो पंप जळला. सरांनी अर्ज केले, आठवण करून दिली, ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. उत्तर एकच, बघू. किसन रोज सकाळी बंद पंपावरून फडकं फिरवायचा आणि म्हणायचा, "सर, ह्यो आता काय उठत नाय." सर म्हणायचे, "पूस तू." निवृत्तीच्या आधी निदान आणखी एका बॅचला ते पाणी दाखवायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

आणि मग सबमिशनचा आठवडा आला. सगळ्यांच्या फायलींत तो प्रयोग हजर. रीडिंग, आकडेमोड, ग्राफ, निष्कर्ष, सगळं. बंद पंपाचं रीडिंग!

पोरं पूर्वीही छापायचीच, मी काय त्यांना हरिश्चंद्र म्हणत नाही. पण सीनियरच्या फायलीतली चूकसुद्धा छापायची, आणि सर बरोबर पकडायचे कोणाची फाइल कुठे फिरली ते. आता प्रत्येकाचे आकडे वेगळे. खरे वाटावेत म्हणून थोडे इकडेतिकडे हललेलेसुद्धा.

सरांनी मैत्रीला बोलावलं. दिघ्याची पोर, आईवडील मराठवाड्यातले, वडील कंपनीत कामाला. वर्गातली सगळ्यात मेहनती.

"हे रीडिंग कुठलं गं?"

"चॅटबॉटचं, सर," ती सरळ म्हणाली. "पंप बंद आहे ना. मॅन्युअलचे फोटो टाकले की देतो तो."

लपवाछपवी नाही, काही नाही. आणि तिने का लाजावं? पंप काय तिने जाळला होता?

"बरं, दाब कुठे जास्त?"

"रुंद भागात, सर." वर कारण सांगितलं, समीकरण सांगितलं. एकही शब्द चुकला नाही.

ती गेल्यावर सर माझ्याकडे येऊन बसले. "आता कोणी चुकतच नाही, मॅडम. चुकतच नाहीत तर मी दाखवू काय?" माझ्या लॅबमध्ये तरी काय वेगळं चाललंय. मी त्यांना बिस्किटं दिली.

त्यांनी ठरवलं, फायलींवर सही करायची नाही. सही केली की कागदावर प्रयोग झाला, आणि झालेल्या प्रयोगासाठी पंप कोण दुरुस्त करणार? मी म्हटलं, शाब्बास.

दुसऱ्या दिवशी आमचे विभागप्रमुख अभिराम आले. हा सरांचाच विद्यार्थी. याच लॅबमध्ये यानेही कधीकाळी छाती पुढे काढून "अरुंद भागात" म्हटलं होतं.

"सर, सही नाही तर पोरं परीक्षेला बसणार नाहीत. मैत्रीच्या वडिलांना मी काय सांगू?"

"आणि पंप?"

"पंपाचं मी बघतो, सर. शब्द देतो."

सरांनी पेन काढलं. दुपारभर सह्या करत बसले. मला असा संताप आला होता की विचारू नका. सरांचा, अभिरामचा, त्या चॅटबॉटचा, सगळ्यांचाच. पण मी कॉन्ट्रॅक्टवरची बाई, मीही गपगुमान माझ्या फायलींवर सह्या करून मोकळी झाले.

मग तपासणीची समिती आली, फायली बघून खूश होऊन गेली. पाठोपाठ सरांचा अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, प्रयोग नियमित होत असल्याने नवीन पंपाची आवश्यकता नाही. अभिराम मान खाली घालून म्हणाला, "मी बोललो होतो, सर." बोललाही असेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. सरांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि लेक्चरला गेले.

निरोप समारंभात पोरांच्या वतीने मैत्री बोलली. मोबाइलमध्ये बघून, गोड आवाजात. "सरांनी आम्हाला पुस्तकाबाहेरचं शिक्षण दिलं. पंप सुरू करून जेव्हा त्यांनी वाहतं पाणी दाखवलं, तेव्हा आमच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य आम्ही कधीच विसरणार नाही." भाषण कोणी लिहिलं ते सांगायला नको. पोरीने सरांचं नाव आणि प्रॅक्टिकलची यादी टाकली असणार, बाकीचं चॅटबॉटने रचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. माझे हात काही उचलेनात, डोळे मात्र भरून आले.

नंतर ती पाया पडायला आली. मनापासून वाकली, त्यात खोट नव्हती. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मैत्री, आपल्या पंपाचा आवाज कसा होता गं?"

तिने हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मग हसून म्हणाली, "छान होता, सर."

"हो," सर म्हणाले. "छानच होता."

शाल-नारळाची पिशवी त्यांनी किसनकडे दिली आणि खुर्चीवर बसून घेतलं.