गुझमानियाची पिल्लं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या सुमनताईंनी मला गुझमानियाचं रोप वाण म्हणून दिलं होतं. त्याचा लालभडक तुरा काही महिने मिरवला आणि मग तपकिरी पडला. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं म्हणे. मग कुंडी कशाला अडवायची? मी उपटायलाच बसले.

“अहो, बुडाशी तरी बघा!” सुमनताई त्यांच्या गॅलरीतून ओरडल्या. सुकत्या पानांच्या आडोशाला दोन हिरवी पिल्लं बिलगून होती. “ती मोठी होईपर्यंत आईला हात लावायचा नाही.”

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी स्वतःलाही असंच निकालात काढलं होतं. पानांच्या मधोमध पेल्यासारख्या खळग्यात पाणी ओतलं, कुंडी उजेडात सरकवली.

येत्या संक्रांतीला दोन वाणं माझ्या घरून जातील.