निकालाआधीचा फ्लेक्स

आमचं मालक म्हंजे महांतेश, कबनूरचा विमा एजंट. यंत्रमागाच्या खडखडाटात ओरडून ओरडून पॉलिसी विकणारा माणूस. घरातबी तोच आवाज. ह्यांनी जेवताना मीठ मागितलं की शेजारची धोंडुबाई डबा घेऊन दारात हजर!

२००५ साली ह्यांच्या डोस्क्यात शिरलं, मुंबईच्या विमा संस्थेची असोसिएटची परीक्षा द्यायची. पास झालं की नावापुढं अक्षरं लागत्यात म्हणं. झालं! म्हशीच्या धारंला बसलं तरी इंग्रजीतनं पाठांतर. म्हैस बिचकून दूध चोराय लागली. मी कपाळाला हात लावला.

आमचे सासरे ईरप्पा, सगळा गाव त्यांना आण्णा म्हणतो. उभा जन्म माग चालवलेला माणूस. "कागदं फिरवायची, ह्यो काय धंदा हाय?" असं ह्यांना तोंडावर म्हणायचे. आण्णांनी एकदा तरी शाब्बास म्हणावं, एवढीच ह्यांची आस.

शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स! तालमीतल्या दोस्तांचं काम. आमच्याकडं माणूस आपला म्हटल्यावर निकालाला कोण थांबतंय? ह्यांचा गॉगलवाला फोटो, खाली 'घवघवीत यश'. आण्णांनी दोनदा वाचला, ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गल्लीभर पेढे वाटले.

"अगं विद्या, निकाल अजून लागायचाय!" घरात येऊन हे चक्क कुजबुजले. लग्नापास्नं पहिल्यांदा!

"मग सांगा की आण्णास्नी."

"कसं सांगू? आज कुठं पाठीवर हात पडलाय."

मला हसू आवरंना. पुढं नेट कॅफेत निकाल बघितला, तर कायद्याच्या पेपरात नापास! त्या दिवशी हे जेवले न्हाईत. संध्याकाळी उठले.

"रोज गिऱ्हाइकाला सांगतो, आजार लपवू नका, न्हायतर क्लेम बाद हुतोय. आन् मीच लपवून बसू व्हय? शिडी धर चल."

चौकात मी शिडी धरली, हे वर चढले. दोरी सोडत्यात तोवर आण्णा आलेच.

"का रं, कशाला उतरवतोयस?"

"आण्णा, मी नापास झालोय!" हे वरनंच ओरडले. पार एस.टी. स्टँडपातुर ऐकू गेलं असंल.

आण्णांनी शिडीला हात लावून वर बघितलं.

"समद्या विषयात?"

"न्हाय, एकाच. बाकीचं सुटलं."

"मग बाकीच्यांचं पेढं वाटून झालं. एकाचं ऱ्हायलंय," आण्णा म्हणाले. "शाब्बास! बांध ती दोरी परत आन् उतर खाली, पुस्तक उघड."

चौकात ह्यो हशा! हे शेवटच्या पायऱ्या न उतरताच उडी मारून बापाच्या गळ्यात पडले, आणि मी भर चौकात पदर खोचून शिट्टी मारली.